हागुरोच्या पायऱ्या

डोंगरावरच्या देवाला जायचं म्हणजे पहिल्या पायरीपासून चढ, असं आपलं गणित असतं. जपानच्या यामागाता प्रांतातला हागुरो पर्वत ते गणित सुरुवातीलाच बिघडवतो. झुइशिन-मोन हे लाकडी महाद्वार ओलांडलं की दगडी पायऱ्या सरळ खाली उतरू लागतात, दाट सावलीत, पाण्याच्या आवाजाच्या दिशेने. तळाशी हाराइगावा नावाची छोटी नदी आहे. पूर्वी यात्रेकरू या नदीत अंग बुचकळून मगच वर जात. आता तांबडा पूल ओलांडला की झालं. पुलावरून बाजूला सुगा धबधबा दिसतो, तोही निसर्गाने फुकट दिलेला नाही. सतराव्या शतकात लांबून पाट खणून पाणी इथवर आणलं आणि कड्यावरून सोडलं. ज्याने हे केलं त्याची गाठ पुढे पायऱ्यांवर पडणारच आहे.

उत्तर होन्शूमध्ये, जपानी समुद्राच्या बाजूला, देवा सान्झान म्हणून ओळखले जाणारे तीन पवित्र डोंगर आहेत. हागुरो ४१४ मीटर उंच, म्हणजे टेकडीच म्हणायची. गास्सान १९८४ मीटर, आणि त्याच्या पलीकडे युदोनो. हागुरो वर्तमानाचा, गास्सान मृत्यूचा आणि पूर्वजांचा, युदोनो पुनर्जन्माचा, अशी या यात्रेची मांडणी आहे. तिन्ही डोंगर करून आलेला माणूस एकदा मरून पुन्हा जन्मला असं मानतात, आणि म्हणून यात्रेकरूचा पोशाख पांढरा. जपानमध्ये प्रेताला पांढरं नेसवतात.

तोक्योहून नीगातापर्यंत शिनकान्सेनने दोन तास, तिथून समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या ‘इनाहो’ गाडीने त्सुरुओका आणखी पावणेदोन-दोन तास, आणि पुढे बस. गाडीत डाव्या खिडकीशी बसावं, समुद्र त्या बाजूला आहे. त्सुरुओकाच्या भोवती शोनाईचं सपाट मैदान आणि भातशेती. मी गेलो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि भात पिवळा पडून कापणीला आला होता. बस त्या शेतांतून निघते आणि तोगे नावाच्या गावातून जात महाद्वारापाशी सोडते. हीच बस पुढे मोटाररस्त्याने थेट माथ्यावरही जाते. ती सोय वयस्कर माणसांसाठी चांगली आहे. इतरांनी ती उतरताना वापरावी.

स्थळाची कथा राजपुत्र हाचिकोपासून सुरू होते. त्याचे वडील सम्राट सुशुन यांचा ५९२ साली दरबारातल्या बलाढ्य सोगा घराण्याने खून करवला. हे इतिहासात आहे. यापुढचं परंपरा सांगते. राजपुत्र राजधानीतून निसटला, समुद्रमार्गाने उत्तरेला आला, तीन पायांच्या कावळ्याने त्याला या रानात वाट दाखवली आणि ५९३ साली त्याने हा डोंगर ‘उघडला’. जुन्या चित्रांमध्ये हा राजपुत्र काळाकभिन्न, तोंड कानापर्यंत फाटलेला असा अक्राळविक्राळ दाखवतात. लोकांची दुःखं ऐकून ऐकून त्याने ती स्वतःच्या चेहऱ्यावर घेतली, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. देखण्या देवांची सवय असलेल्या आपल्याला हे चित्र पहिल्यांदा दचकवतं.

आता महाद्वाराकडे पुन्हा एकदा बघू, कारण हागुरोची खरी गोष्ट तिथेच लपलेली आहे. दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत धनुष्यबाण घेतलेले दरबारी पोशाखातले रक्षक बसले आहेत. शिंतो देवस्थानात असे रक्षक असतात. पण दीडशे वर्षांपूर्वी या कोनाड्यांत बौद्ध देवळाच्या दारात असतात ते दोन उघडेबंब, डोळे वटारलेले निओ पहिलवान होते, आणि दाराचं नावही निओ-मोन होतं. १८६८ मध्ये मेइजी सरकार आलं आणि त्याने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. तोवर हजारेक वर्षं देशभर दोन्ही एकाच आवारात नांदत होते. हागुरोच्या देवाचं मूळ रूप म्हणजे कान्नोन, आपला अवलोकितेश्वर, अशी श्रद्धा होती. गास्सानचा अमिदा, युदोनोचा दाइनिची म्हणजे वैरोचन. इथे मुख्यतः चालायचं ते शुगेन्दो. डोंगरात राहून तप करणाऱ्या यामाबुशींचा हा पंथ शिंतो, बौद्ध तंत्रमार्ग, ताओ आणि त्याआधीची डोंगरपूजा यांच्या मिसळणीतून तयार झालेला. सरकारच्या नव्या वर्गवारीत तो कुठेच बसेना. १८७२ साली शुगेन्दोवर बंदीच आली. हागुरोला देवस्थानचा नवा शिंतो प्रमुख पाठवण्यात आला, मूर्ती हलवल्या, फोडल्या, विहार पाडले. आज आपण ज्याला ‘प्राचीन शिंतो देवस्थान’ म्हणून बघायला जातो, त्याचं हे रूप मेइजी काळातल्या सरकारी कागदावर ठरलेलं आहे. ही गोष्ट माहीत असली की वाटेवरची प्रत्येक वस्तू जास्त बोलू लागते.

पूल ओलांडून थोडं गेलं की डाव्या हाताला जिजी-सुगी, म्हणजे आजोबा वृक्ष. वय हजार वर्षांच्या वर, बुंध्याचा घेर आठ मीटरांहून जास्त, भोवती जाड दोरखंड आणि त्याला लोंबणाऱ्या पांढऱ्या कागदी पट्ट्या. शेजारी आजीचं झाडही होतं. १९०२ च्या वादळात ते पडलं. तेव्हापासून आजोबा एकटेच. या जातीच्या झाडाला, म्हणजे सुगीला, इंग्रजीच्या प्रभावाने सगळे सीडर म्हणतात आणि मग आपल्याकडे त्याचं देवदार होतं. प्रत्यक्षात देवदाराशी त्याचं नातं नाही, तो सायप्रसच्या कुळातला. खोड तांबूस, साल उभ्या धाग्यांनी सोलवटलेली, आणि पंचवीस-तीस मीटरपर्यंत सरळसोट.

आणि मग झाडांच्या मध्येच पाच मजली पागोडा उभा राहतो. ‘उभा राहतो’ म्हणतो, कारण तो लांबून दिसतच नाही. झाडं त्याच्याहून उंच आहेत. उंची साधारण २९ मीटर. परंपरेने तो दहाव्या शतकातल्या ताइरा नो मासाकादो या सरदाराने बांधला. आत्ताची वास्तू चौदाव्या शतकातली, सुमारे १३७२ ची, आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. तिला रंगाचा हातही लावलेला नाही. लाकूड सहाशे वर्षांत राखाडी रुपेरी झालंय. छपरं लाकडाच्या पातळ चिपांची, एकावर एक शेकडो थर देऊन बसवलेली. जवळ जाऊन कडेला नजर लावली की त्या चिपांच्या कापलेल्या टोकांची एक अखंड वळणदार कड दिसते, एखाद्या जाड ग्रंथाच्या पानांसारखी. कोपऱ्यांशी ती कड किंचित वर उचललेली आहे. पावसाची भुरभुर चालू होती आणि पाणी त्या कडेवरून धारेने न पडता थेंबाथेंबाने निथळत होतं.

पागोडा म्हणजे मुळात बुद्धाच्या अवशेषांवरचा स्तूप. शिंतो देवस्थानात त्याचं काय काम? काहीच नाही. त्याच्या भोवती पूर्वी विहारांची दाटी होती, ती सगळी गेली. हा एवढा वाचला. आतल्या बौद्ध मूर्ती काढून तिथे शिंतो देव ओकुनिनुशीची स्थापना केली, म्हणजे कागदोपत्री ती शिंतो वास्तू झाली. हुकुमाची अंमलबजावणी करणाऱ्यांचाही हात इतकी देखणी वस्तू पाडायला धजला नसावा, असं मला आपलं वाटतं.

पागोडा मागे टाकला की खरी चढण. एकूण पायऱ्या २४४६, वाट पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. या पायऱ्या घालायला १६४८ साली सुरुवात झाली आणि तेरा वर्षं काम चाललं. काम करून घेणारा तेन्यू, हागुरोचा पन्नासावा प्रमुख. धबधब्याचा पाट त्याचाच. वाटेच्या दुतर्फा सुगीची बरीचशी लागवडही त्याने केली. आज साडेतीनशे ते पाचशे वर्षांची जवळपास सहाशे झाडं या वाटेवर आहेत. फ्रेंच मिशलँ मार्गदर्शिकेने या वृक्षराजीला तीन तारे दिले आणि परदेशी लोकांची पावलं इकडे वळली. तेन्यूला मात्र कसले तारे मिळाले नाहीत. सत्तेच्या भांडणात तो हरला, १६६८ मध्ये त्याला दूरच्या नीजिमा बेटावर हद्दपार केलं आणि तिथेच तो वारला. त्याने लावलेल्या रोपांची झाडं झालेली त्याने पाहिली नाहीत.

पायऱ्या सपाट, लहान आणि बहुतेक ठिकाणी शेवाळलेल्या. पायऱ्यांमध्ये कुणा पाथरवटाने कोरलेली चित्रं आहेत, एकूण तेहतीस. साकेचा पेला, भोपळ्याचा तुंबा, कमळ असं काहीबाही. सगळी सापडली तर इच्छा पुरी होते म्हणतात. मला तुंबा सापडला तो दुसऱ्या चढावर, पायरीच्या एका कोपऱ्यात, तळहातापेक्षा लहान, कडा पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यात पाणी साचलं होतं म्हणूनच तो दिसला. कोरड्या दिवशी मी त्यावरून पाय देऊन गेलो असतो. शोधायचे असतील तर पावसानंतर जा.

चढ तीन टप्प्यांत आहे: पहिली चढण, दुसरी चढण, तिसरी चढण, नावंही तीच. दुसरी सगळ्यांत खडी. दंतकथेतला धिप्पाड योद्धा-भिक्षू बेन्केई देवासाठी तेल घेऊन चढत होता, आणि त्याच्याही हातून इथे तेल सांडलं. म्हणून या चढाचं दुसरं नाव ‘तेलसांडी’. हा चढ संपतो तिथे चहाचं दुकान आहे. तिथल्या मावशींनी आधी माझा श्वास ठिकाणावर येईपर्यंत वाट पाहिली, मग विचारलं, “चिकारा-मोची?” बळ देणारी मोची, वाफवून कुटलेल्या चिकट तांदळाचे चिवट गोळे, एक सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवलेला, एक लाल चवळीच्या गोड पुरणात. दुकानाच्या पुढून झाडं थोडी विरळ आहेत आणि तिथून खाली शोनाईचं मैदान आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ दिसते. बाकी सगळ्या वाटेवर नजर झाडांच्या बाहेर जात नाही. मोची खाल्ली की चढून आल्याचं प्रमाणपत्रही देतात. मी घडी घालून खिशात ठेवलं.

तिसऱ्या चढाच्या बाजूने एक चिखलाची पायवाट रानात शिरते. ती मिनामिदानीला जाते. इथे एक मोठा विहार होता, आणि १६८९ च्या उन्हाळ्यात कवी मात्सुओ बाशो इथे उतरला होता. ‘ओकु नो होसोमिची’ या त्याच्या प्रवासवर्णनातला हा टप्पा. इथूनच तो गास्सान चढला आणि युदोनोला गेला. हद्दपारीत मेलेल्या तेन्यूसाठी त्याने श्रद्धांजलीही लिहिली. शिरीष पै यांनी मराठीत हायकू आणला आणि रुजवला, तेव्हापासून आपल्याकडे बाशोचं नाव घरचं झालं. पण तो पाठीवर बोचकं टाकून अशा चिखलातून चालणारा माणूस होता, हे त्याच्या तीन ओळी वाचताना विसरायला होतं. मिनामिदानीत आता एक तळं, काही पायाचे दगड आणि भरपूर डास आहेत. वेळ कमी असेल तर हा फाटा सोडला तरी चालेल.

माथ्यावर पोचलं की एकदम मोकळं अंगण आणि समोर सान्जिन गोसाइदेन, तिन्ही डोंगरांच्या देवांचं एकत्र मंदिर. गास्सान आणि युदोनो हिवाळाभर बर्फाखाली असतात, तेव्हा त्यांची पूजा इथूनच होते. आजची इमारत १८१८ ची. छप्पर गवताचं, आणि त्याची जाडी २.१ मीटर! छत कसलं, तो डोंगराचाच तुकडा वाटतो. खाली लाकडी खांबांवर लाल लाख आणि कोरीव काम. ही वास्तू बांधली तेव्हा ती जाक्को-जी या बौद्ध विहाराचं मुख्य सभागृह होती. जरा सावकाश बघितलं की देऊळ कमी आणि विहार जास्त वाटू लागतं. दर्शनाची रीत मात्र शिंतो: दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मनात काय ते सांगायचं, पुन्हा एकदा वाकायचं. माझ्यापुढच्या आजींनी टाळ्या वाजवून झाल्यावर हात जोडून बौद्ध मंत्र पुटपुटला. कुणीही वळून बघितलं नाही.

मंदिरासमोर कागामि-इके, आरशांचं तळं. याच्या गाळातून पाचशेहून अधिक काशाचे आरसे निघाले, हेइआन काळापासून एदो काळापर्यंत भाविकांनी देवाला वाहिलेले. त्यांतले निवडक आरसे जवळच्या संग्रहालयात मांडलेत. मुठीएवढे आरसे, मागच्या बाजूला बगळे, पाइनची फांदी, फुलपाखरं. एखादीने स्वतःचा रोजचा आरसा आणून पाण्यात सोडला असेल. तळ्याच्या बाजूला गवताच्याच छपराखाली १२७५ ची प्रचंड घंटा आहे. मंगोल आरमार परतवल्याबद्दल शोगुन सरकारने ती वाहिली असं सांगतात. घंटा ही विहाराची वस्तू. तीही राहिली.

आणि यामाबुशी? तेही राहिले. बंदी उठल्यावर शुगेन्दो परत आलं, पण दोन घरांत वाटलेलं. एक देवस्थानाचं, शिंतो पद्धतीचं. दुसरं खाली तोगे गावातल्या शोझेन-इन विहाराचं, बौद्ध पद्धतीचं. दोघंही उन्हाळ्याच्या अखेरीस ‘शरदशिखर’ नावाचं शिबिर घेतात, त्याच डोंगरावर, आपापल्या रीतीने. डोंगरात शिरणं म्हणजे गर्भात शिरणं, उतरताना नवा जन्म. शिबिरात जेवण थोडं, झोप थोडी, आणि म्होरक्या काहीही म्हणाला तरी उत्तर एकच: “उकेतामो”, मान्य आहे. यातला सगळ्यांत जालीम प्रकार म्हणजे नान्बान-इबुशी. बंद खोलीत निखाऱ्यावर मिरची आणि कोंडा टाकून धुरी देतात आणि आत बसलेल्यांनी ती सहन करायची. दृष्ट काढताना चुलीत मिरच्या टाकल्यावर घरभर जो ठसका लागतो तो आपण जाणतोच. तोच ठसका दारं-खिडक्या लावून, तोंडाने मंत्र म्हणत घ्यायचा. नरकाची चव आधीच घेऊन ठेवावी, म्हणून.

मी मुक्काम केला त्या धर्मशाळेचे मालक स्वतः यामाबुशी. तोगे गावात पूर्वी अशा तीनशेहून जास्त धर्मशाळा होत्या, आता तीसेक उरल्या आहेत. प्रत्येकीचे यजमान ठरलेले, अमुक प्रांतातल्या अमुक गावांचे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या याच घरी उतरणार. बडव्यांच्या वह्या पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. अनेक घरांच्या दर्शनी बाजूला जाड दोरखंडाचा तुकडा टांगलेला दिसतो. तो ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या शोरेइ-साई उत्सवातला. दोन ज्येष्ठ यामाबुशी २४ सप्टेंबरपासून शंभर दिवस व्रतस्थ राहतात आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री, बर्फात, त्यांच्या बाजूचे गट एकमेकांशी स्पर्धा करतात. पिकांचा आणि माणसांचा नाश करणाऱ्या, रोग पसरवणाऱ्या किड्याचं प्रतीक म्हणून गवताच्या दोरांचे प्रचंड पलिते ओढत नेऊन जाळतात, आणि त्या दोराचे तुकडे लोक घरावर बांधतात.

सकाळी मालकांनी शंख फुंकला. पाच वाजले होते. लहानशा देवघरात त्यांनी आधी शिंतो प्रार्थना म्हटली आणि तिला जोडूनच प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र. मी विचारलं, दोन्ही कसं काय? ते म्हणाले, “सरकारने दोन केले. आमच्या घरात एकच होतं.” एवढं बोलून ते नाश्त्याचं बघायला गेले.

जेवण शाकाहारी: तिळाचं तोफू त्यावर घट्ट गोडसर रस्सा, गास्सानवरचे बारीक बांबूचे कोंब, रानभाज्या, अळंब्या, भात. शाकाहारी मराठी प्रवाशाने मात्र आरक्षण करतानाच विचारून ठेवावं. जपानमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क सहसा असतो, आणि सगळ्याच धर्मशाळा कडक पथ्य पाळतात असं नाही. माथ्यावर सान्जिन गोसाइदेनजवळ साइकान नावाची देवस्थानची धर्मशाळा आहे, तीही पूर्वीचा विहारच. तिथलं डोंगरी जेवण प्रसिद्ध आहे.

युदोनोला मी बसने गेलो. तिथे देऊळ नाही, मूर्ती नाही. अनवाणी होऊन, कागदी बाहुलीवर आपला दोष उतरवून ती पाण्यात सोडून मगच आत जायचं. आत जे आहे त्याचा फोटो काढायला मनाई आहे, आणि तिथे पाहिलेलं कुणाला सांगू नये, कुणी विचारू नये, हा जुना नियम. तांबूस खडकातून ऊन पाणी पाझरतं हे तर सगळ्याच पुस्तकांत छापलेलं आहे. बाकीचं मीही सांगत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बसने माथ्यावर जाऊन, मंदिरासमोर फोटो काढून, तीच बस पकडून परतणारे पुष्कळ दिसले. त्यांनी हागुरो पाहिलं नाही. तासा-सव्वा तासाची चढण आहे, पन्नाशी-साठीतली माणसंही सहज करतात, बूट तेवढे न घसरणारे हवेत. आणि तिन्ही डोंगर करायचे असतील तर जुलै-ऑगस्टमध्येच जा. गास्सानच्या शिखरावरचं मंदिर १ जुलैला उघडतं आणि सप्टेंबरच्या मध्यात बंद होतं, युदोनोही नोव्हेंबरपासून एप्रिलच्या अखेरपर्यंत बर्फामुळे बंद असतं. हागुरो बारा महिने उघडं आहे, आणि पायऱ्या चढायला तिकीट नाही.